मंगेशची झाडं आणि आबांचा गेरू

महाडात माझं मेडिकलचं दुकान आहे आणि मला एक नवरा आहे. दोन्हीकडे मुख्यतः बुरशीचंच काम चालतं. पावसाळ्यात माझी निम्मी गिऱ्हाइकं गजकर्ण, नायटा आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या घेऊन येतात. त्यांना मी मलम देते आणि दोन्ही वेळा लावा म्हणून बजावते. माझा नवरा मंगेश मात्र झाडाच्या खोडावर तसाच गोल, पांढुरका, कडा उचललेला डाग दिसला की हरखतो, त्याच्यासमोर उकिडवा बसतो आणि भिंगातून बघत बसतो. त्या डागाला तो लायकेन म्हणतो. आपण मसाल्यात दगडफूल घालतो ते याच जातीतलं, पण मी तसं म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "रेश्मा, ते हजारांतलं एक," असं तो म्हणतो. जणू बाकीचे नऊशे नव्व्याण्णव मी उद्या फोडणीत घालणार आहे.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्याने मला समजावून सांगितलं होतं. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शेवाळ उन्हात बसून दोघांपुरतं रांधतं आणि बुरशी वर छप्पर धरून ठेवते. हवा खराब झाली की हा संसार आधी मोडतो. त्यामुळे गावातल्या कुठल्या बागेत, कुठल्या आवारात कोणतं लायकेन टिकलंय ते पाहिलं की तिथली हवा कशी आहे ते कळतं. महामार्गाकडची झाडं उघडी पडलेली, तर नदीकडच्या झाडांच्या अंगभर नक्षी. एवढं सांगून तो थांबला आणि मी काही म्हणेन म्हणून वाट बघू लागला. मी विचारलं, "यांच्यात रांधणारी बाई कोण ते कळलं, पण भांडी कोण घासतं?" त्या दिवसापासून तो मला शास्त्र जरा जपूनच सांगतो.

मंगेश पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. घाटाच्या कुशीत त्यांचा वरचा कोंड आहे, पंधरा-वीस घरांचा, आणि त्यातल्या निम्म्या घरांना शिमगा आणि गणपती सोडून कुलूप असतं, कारण माणसं मुंबईला. मंगेशलाही बारावीनंतर काकाने मुंबईला नेलं होतं, एका ऑफिसात चिकटवलं होतं. महिन्याभरात हा परत आला. का आलास विचारलं तर म्हणाला, तिथल्या झाडांवर काही नाही. काकाने ही गोष्ट चाळीत सगळ्यांना सांगितली आणि पोराला कोणीतरी काहीतरी खायला घातलंय असं ठरलं. मग हा महाडच्या कॉलेजात शिकला, तिथेच तासिका तत्त्वावर शिकवायला लागला, आणि पुण्याच्या खाजगीवाले सरांच्या हाताखाली त्याने पीएचडी मांडली. विषय, महाड शहरातल्या हिरव्या जागा आणि त्यांतली लायकेनं. शहर हा शब्द वाचून मला आमच्या गावाबद्दल प्रथमच अभिमान वाटला.

मला बघायला आला तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. आमचं घर तुडीलला, सावित्रीच्या काठी. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर मुलगा खुर्चीत नाही. मुलगा परसात, आमच्या विहिरीच्या कठड्याला नाक लावून उभा. माझ्या आईला वाटलं, हा बांधकाम तपासतोय, बहुतेक घराची किंमत काढतोय. ती आत येऊन मला म्हणाली, "नको गो बाई, लय हिशेबी दिसतोय." तेवढ्यात तो आत आला, हात न धुता पोहे खाल्ले आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "तुमच्या विहिरीवर फार सुंदर आहे." वडिलांनी विहिरीवर कोण आहे ते बघायला माणूस पाठवला. मी तेव्हाच हो म्हणायचं ठरवलं. एवढ्या साध्या माणसाला दुसऱ्या कोणा मुलीच्या हाती देणं मला बरं वाटेना.

महाडात त्याचा लौकिक मात्र वेगळ्याच कारणाने झाला. त्याच्या निवडलेल्या जागांपैकी एक स्मशान होतं. तिथे जुनी आंब्याची आणि सातविणीची झाडं आहेत. मंगेश तिथे बसून मोजमाप करत असला आणि कोणाची अंत्ययात्रा आली तर भिंग खिशात घालून, हात जोडून, मान खाली घालून उभा राहायचा. दुसरं काय करणार? पण लोक बघत होते. हळूहळू गावात झालं असं की कॉलेजातले मास्तर ओळख असो-नसो, प्रत्येकाच्या मयताला येतात. काय मन आहे बघा! मग लोक त्याला तेराव्याचं बोलावणं धाडू लागले. तो नको म्हणाला तर मंडळी घरी डबा पोचवू लागली. एका वर्षी आमच्या घरात तेराव्याचे लाडू दिवाळीपेक्षा जास्त होते. मी वैतागून म्हटलं, "आता तरी झाडं बदल." तर म्हणतो, "आता नाही बदलता येणार, आकडे बिघडतील."

आणि दोन हजार एकवीसच्या महापुरात काय केलं त्याने? माझ्या दुकानाचं शटर वरच्या पट्टीपर्यंत बुडालं होतं. पाणी उतरल्यावर मी गुडघाभर चिखलात उभी राहून औषधांच्या लगद्याकडे बघत रडत होते. हा माझ्याबरोबर दिवसभर घमेली उचलत होता, हे कबूल करते. पण संध्याकाळी हळूच म्हणाला, "रेश्मा, मी जरा झाडं बघून येऊ?" मी हातातलं घमेलं त्याच्या दिशेने फेकलं. ते लागलं नाही. तो गेला, आणि तासाने परत येऊन मला म्हणाला की पुराच्या रेषेच्या खालची सगळी गेली, वरची वाचली. त्याचे डोळे भरले होते. मग आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून आपापल्या मालासाठी रडलो.

पुरानंतर त्याने सगळा जीव लावला तो नदीकाठच्या जुन्या बागेत. ती बाग जरा उंचावर आहे, म्हणून तिथली झाडं वाचली. प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला त्याने वीतभर चौकट आखली होती, शेजारी नंबराचा पत्र्याचा बिल्ला. दर मार्चमध्ये तो त्या चौकटीवर पारदर्शक प्लास्टिक धरून आतल्या लायकेनांच्या कडा पेनाने गिरवायचा. गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी तांदळाच्या दाण्याएवढी वाढ झाली की घरी येताना जिलेबी आणायचा. अशी चार वर्षं झाली होती. पाचव्या मार्चचं मोजमाप खाजगीवाले सर स्वतः येऊन बघणार, सही करणार आणि जूनमध्ये प्रबंध जाणार. जूननंतर विद्यापीठ आणखी मुदत देणार नव्हतं. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. म्हणजे या मार्चमध्ये झालं तर झालं, नाहीतर इतक्या वर्षांचं उकिडवं बसणं फुकट.

आता माझे सासरे. त्यांचं नाव गोमाजी, आम्ही आबा म्हणतो. वरच्या कोंडावर नाचणी-वरी करणारा, आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढणारा, सत्तरीतला काटक माणूस. मुलगा काय शिकतो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मुलाने कधी सांगितलं नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम इतकं की बोलणं अगदीच कमी. आबा महाडला आले की फक्त एकच प्रश्न, "झाला का रे डाक्टर?" मंगेश म्हणायचा, "होतोय, आबा." आबा मान डोलवायचे आणि नाचणीचं पीठ ठेवून परत जायचे. वर कोंडावर लोक त्यांना छेडत असतील, हे मला माहीत होतं. शेजारच्या घरातला पोरगा तीन वर्षांत कंपाउंडर झाला आणि ह्यांच्या पोराला डॉक्टर व्हायला अर्धा जन्म लागतोय.

या शिमग्याला आम्ही वर गेलो होतो. आमच्याकडे देवाची पालखी घरोघर येते. ती आपल्या दारात यायची असली की अंगण सारवतात, अंगणाचा दगडी गडगा नीट करतात आणि दारातल्या झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा देतात. पाहुणा मोठा, तेव्हा झाडांनीसुद्धा नीटनेटकं उभं राहायला पाहिजे. पालखी नाचून पुढे गेली आणि मंगेश खुशीत येऊन आबांना म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पुण्याचे सर येणार आहेत, आबा. माझी झाडं बघायला. ते बरं म्हणाले की झालो डॉक्टर."

एवढंच बोलला. मी तिथेच होते. मलासुद्धा त्यात काही धोका दिसला नाही.

सर यायच्या दोन दिवस आधी आबा कोणाला न सांगता महाडला उतरले आणि बाग शोधत गेले. मुलाची झाडं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांना नंतर मी विचारलं, काय वाटलं? म्हणाले, "अगो, अंगावर काटा आला. सगळ्या झाडांना लूत! कुत्र्याला लागते तशी. इतकी वर्सं झाडं अशी ठेवल्यावर कोन पास करील पोराला?"

मग त्यांनी ठरवलं. शिमग्याला आलेला त्यांचा पुतण्या रितेश अजून मुंबईला परतला नव्हता. त्याला आणि कोंडावरच्या आणखी काही गड्यांना त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मिनीडोर रिक्षात कोंबलं. बरोबर काथ्या, तारेचे ब्रश, चुना आणि गेरूचे डबे. संध्याकाळपर्यंत त्यांनी बागेतलं मंगेशचं प्रत्येक झाड खरवडून, घासून, धुऊन काढलं. खाली लालभडक गेरू, वर पांढरा पट्टा. बिल्ले रंगात बुडतील म्हणून आबांनी सगळे काढून एका रुमालात बांधून ठेवले. खरवडून निघालेलं सगळं पोत्यात भरलं; त्यातलं दगडफुलासारखं दिसेल ते माझ्या सासूबाईंसाठी, मसाल्याला.

कॉलेज सुटल्यावर मंगेश दुकानात आला आणि आम्ही दोघं बरोबरच बागेकडे गेलो, कारण दुसऱ्या दिवसाची तयारी बघायची होती. फाटकातच रितेश उभा. "वहिनी, एकदम रिसॉर्ट लुक आलाय ना?" तो म्हणाला. त्याच्या मागे सगळी झाडं शाळेच्या गणवेशात उभी केल्यासारखी दिसत होती. आबा शेवटच्या झाडाचा पट्टा सरळ करत होते. आम्हाला बघून ते उठले, हात धोतराला पुसले, रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "नंबर हरवू नयेत म्हनून काढून ठेवलेत. आता येऊ दे तुझ्या सरांना."

मंगेशने रुमाल घेतला. जवळच्या आंब्यापाशी गेला. जिथे चौकट होती तिथे त्याने बोट टेकवलं आणि ते लाल झालं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं आता हा ओरडेल, आणि खरं सांगते, ओरडावं असं मला वाटत होतं. आबा त्याच्याकडे बघत होते, एखादं पोर पाटी दाखवून बघतं तसे. मंगेश वळला आणि म्हणाला, "छान झालंय, आबा."

त्या रात्री तो जेवला नाही. सरांना फोन करायला तीनदा मोबाईल उचलला आणि तीनदा खाली ठेवला. मग उद्या समोरासमोरच सांगतो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

माझा स्वभाव तसा नाही. आबा स्वयंपाकघरात भाकरी खात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते डाग म्हणजेच त्याचं काम होतं, त्यांची वाढ मोजून त्याला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते आता पोत्यात आहे. आबांचा घास हातातच राहिला.

"ती लूत?" ते म्हणाले.

"हो, आबा. ती लूत."

"मंग त्यानं मला सांगितलं का नाय कधी?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. आबांनी ताट बाजूला सरकवलं. हात धुतला. रितेशला हाक मारली, आणि दोघं मिळेल त्या गाडीने वर कोंडावर निघून गेले. मला वाटलं, रागावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेश सरांना आणायला एसटी स्टँडवर गेला आणि मी दुकान उघडलं. तेवढ्यात रितेश आला. कपाळाला पाला चिकटलेला, हात काळे, चेहऱ्यावर समाधान. "टेन्शन नको, वहिनी. आबांनी सेटिंग केलीय."

"कसली सेटिंग?"

"भरून दिलंय सगळं. पहाटे जाऊन जंगलातनं आणलं. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याला, झाडांना कसली लांब दाढी असते ना, ती! इकडच्यापेक्षा दसपट भारी माल. गेरूच्या वरती जागा होती, तिथं चिकटवलं. फणसाच्या चिकाने. हलत नाय आता, गॅरंटी!"

मी खोकल्याचं औषध मागणाऱ्या बाईच्या हातात बहुतेक जुलाबाचं दिलं. तिने दुसऱ्या दिवशी बदलून नेलं, म्हणून चालून गेलं. मंगेशला फोन लावला, पण सर बरोबर असले की तो फोन गप्प करून ठेवतो. शटर अर्धं ओढलं आणि धावत सुटले, मागोमाग रितेश. चवदार तळ्यापाशी मला दम लागला, तिथून पुढे भरभर चालत बागेत पोचले तर खाजगीवाले सर फाटकातून आत शिरतच होते. बुटके, गोरे, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दोरीला भिंग. मागे मंगेश, फाशीच्या कैद्यासारखा. आबा एका झाडाआड उभे होते, हात पाठीमागे.

सरांनी झाडं पाहिली आणि जागच्या जागी थांबले. "मंगेश, हे काय आहे?"

"सर, तेच सांगायचं होतं. काल इथे..."

पण सरांची मान वर गेली होती. गेरूच्या वर, चुन्याच्या वर, गुलमोहराच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात हिरवट-करडी हातभर दाढी लोंबत होती. सरांनी टोपी काढली. ते बाकावर चढले. बाकावरून पुरेना म्हणून बाकाच्या पाठीवर चढले आणि रितेशने त्यांचे पाय धरले.

"अशक्य!" सर ओरडले. "अरे, ही दाढी महाबळेश्वरच्या खाली उतरत नाही! स्वच्छ हवा आणि धुकं असल्याशिवाय जगत नाही! महाडात? हायवेपासून हाकेच्या अंतरावर? मंगेश, तू हे मला फोनवर का नाही सांगितलंस?" मग त्यांनी शेजारच्या करंजाकडे पाहिलं, तिथेही दाढी. आंब्यालाही. एका विजेच्या खांबालाही होती, तिच्याकडे सुदैवाने त्यांचं लक्ष गेलं नाही. "लखनौच्या संशोधन संस्थेला कळवतो. आत्ताच कळवतो. तुझा प्रबंध राहू दे, यावर जगभर चर्चा होईल!" आणि बाकाच्या पाठीवर उभ्या उभ्याच ते खिशातून फोन काढून नंबर शोधू लागले.

मी मंगेशकडे पाहिलं. त्याने दाढीकडे पाहिलं. ती दाढी त्याच्या घरामागच्या सड्यावरची आहे, हे त्याला एका नजरेत कळलं. मग त्याने झाडाआडच्या आबांकडे पाहिलं. आबांच्या कोपरापर्यंत काळा चीक होता आणि चेहरा इतका खूश की मला बघवेना. पोराचे साहेब नाचत होते. आबांच्या दृष्टीने सगळं भरून निघालं होतं.

गप्प राहिला असता तर मंगेश त्या दिवशीच डॉक्टर झाला असता. हे त्यालाही कळत होतं.

"सर, फोन करू नका," तो म्हणाला. "हे इथलं नाही. हे कोणीतरी चिकटवलंय."

सरांचा अंगठा थांबला. "कोणी?"

मंगेशने मान खाली घातली, अगदी स्मशानात घालतो तशी. "मी, सर."

खोटा पुरावा उभा केला म्हटल्यावर नुसती पदवी नाही, तासिकासुद्धा जाणार. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात झाडाआडून आबा तरातरा बाहेर आले. रागाने लाल.

"खोटं बोलतोय, साहेब! त्याला झाडावर चढाया येतं का? जन्मात चढला नाय कधी! सगळं मी लावलंय. मी आनि ह्या रितेशनं. लागला हे काम माझं म्हनून सांगायला!"

सर बाकाच्या पाठीवरून खाली उतरले. "आपण कोण?"

"बापूस त्याचा."

"आणि हा रंग?"

"तोबी मीच. घासलं बी मीच. झाडं लय घान ठेवलीवती त्यानं."

सरांनी खातरी करून घ्यावी म्हणून हात वर करून करंजावरच्या दाढीला बोट लावलं. बोट चिकटलं. ओढलं तर दाढी सुटून हाताला आली. ती काढायला दुसरा हात लावला, तोही चिकटला. विचारात पडून त्यांनी नेहमीच्या सवयीने हनुवटीला हात लावला आणि पुण्याच्या त्या गुळगुळीत दाढी केलेल्या माणसाला क्षणात ऋषिमुनी करून टाकलं. रितेश पाठ फिरवून हलू लागला. मी ओढणी तोंडात कोंबली.

"हलू नका, साहेब," आबा म्हणाले. "ओढलं तर कातडं येईल. हा फनसाचा चीक हाय, तेलाशिवाय सुटायचा नाय." त्यांनी कनवटीच्या बाटलीतून खोबरेल तेल काढलं, सरांना बाकावर बसवलं आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसून त्यांचं एकेक बोट चोळू लागले. मंगेश झाडासमोर बसतो तसेच, अगदी हुबेहूब. मी हे यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

हात आबांच्या ताब्यात असल्यामुळे सरांना उठून जाता येईना, तेव्हा ते बसल्या बसल्याच बोलले. "मंगेश, खोटं सांगितलंस. अगदीच वाईट सांगितलंस. माझे हात असे चिकटले नसते तरी ते मला पटलं नसतं."

"हो, सर."

"चार वर्षांचे आकडे नीट आहेत ना? फोटो? प्लास्टिकवरच्या आकृत्या?"

"सगळं आहे, सर."

"मग पाचव्या वर्षाचं नडलंय कुठे? पाचवं वर्ष तूच हौसेने धरलंस. मी तेव्हाच नको म्हणत होतो. चार वर्षांवर प्रबंध होतो. शेवटच्या प्रकरणात स्पष्ट लिही की पाचव्या मोजमापाआधी झाडं घासून रंगवली गेली. का, ते लिही. काहीही लपवू नकोस. जूनमध्ये दे. मी सही करतो." मग थांबून म्हणाले, "सुटल्यावर."

मंगेश मटकन खालीच बसला. मी तर रडलेच, आणि रितेश तेवढ्यात माझा फोटो काढत होता, त्याला एक धपाटा घातला. आबांना मात्र यातलं काही फारसं उमगलं नव्हतं. त्यांनी सरांची हनुवटी पुसून काढली, तेलाचे हात धोतराला पुसले आणि उठून आंब्यापाशी गेले. गेरूवरून बोट फिरवलं. काल मंगेशने फिरवलं होतं तिथेच.

"परत येतील का रे ती?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुलाच्या कामाबद्दल काही विचारलं होतं.

मंगेश उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. "येतील, आबा. पाऊस गेरू धुऊन नेईल. मग हळूहळू धरतील."

"कवा?"

"होती तशी व्हायला दहा-बारा वर्षं तरी जातील."

आबांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि चेहरा गंभीर केला. "म्हंजे तवर मला मरता यायचं नाय."

मंगेश महाडात सगळ्यांशी कॉलेजातल्या भाषेत बोलतो, माझ्याशीसुद्धा. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून वरच्या कोंडाची भाषा आली. "नाय मरायचं, आबा. पुन्हा कोनी गेरू घेऊन आला तर त्याला अडवनार कोन?"

आबांनी बुंध्याशी जागा साफ केली, डोक्याचा फडका अंथरला आणि पाठ टेकून बसले, तेही रंग ओला आहे का न बघता.

"मंग तू जा," ते म्हणाले. "सरांना जेवू घाल. मी हाय हितं."